अप्पांच्या चिठ्ठीचं लेबल

९ जानेवारी, सोमवार

नव्या वर्षाची वही आठ दिवस उशिरा उघडली, आणि उघडली तीही वैतागूनच.

मेट्रनबाईंनी सकाळी त्यांचं कपाट उघडून दाखवलं. आमच्या शुश्रूषागृहात राहायला येणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही एक चिठ्ठी लिहून घेतो. उद्या मला बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार करा, कोणते करू नका, हे त्यात असतं. पाकीट बंद करायचं, वर नाव घालायचं आणि तशी वेळ आली तरच फोडायचं. मागच्या आठवड्यात भिंतीतून पाणी झिरपलं आणि खालच्या कप्प्यातल्या एकवीस पाकिटांचा लगदा झाला. जी वाचली त्यातली तीन पाकिटं कुणीतरी आधीच फोडून परत चिकटवलेली निघाली. कोणी, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच ठाऊक नाही.

डॉक्टर, म्हणजे आमचे मालक, लालबुंद झाले. "चिठ्ठ्या आता कॉम्प्युटरमध्ये. आणि अशा की कुणालाही वाचता येता कामा नयेत. तुम्हालासुद्धा," असं माझ्याकडे बघून म्हणाले.

मी इथली कॉम्प्युटरवाली. म्हणजे प्रिंटर अडला की मी, टीव्हीला आवाज नसला की मी, परवा लिफ्ट अडकली तरी हाक मलाच. आता कुलपंही माझ्याच गळ्यात.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दुपारी सांगितलं. ते अकरा नंबरच्या खोलीत असतात, खुबा मोडल्यापासून दोन वर्षं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याच खोलीत डबा खाते आणि उरलेल्या दहा मिनिटांत ही वही लिहिते. ऐकून म्हणाले, "कुलूप कसलंही लाव, पण उघडायच्या वेळी उघडेल एवढं बघ." आयुष्यभर शिलाई मशीन चालवलेला माणूस मला कॉम्प्युटर शिकवतोय.

१२ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरांनी फोनवर एक सल्लागार मिळवून दिला आहे. काहीही विचारलं की "होईल" म्हणतो. मी त्याचं नाव होईलबुवा ठेवलंय.

होईलबुवांनी समजावलं ते असं. किल्ल्या सांभाळणारी एक क्लाउड सेवा आहे. किल्ली तिच्याकडेच राहते, ती आपल्याला कधी दिसत नाही आणि हातातही मिळत नाही. आपण चिठ्ठी पाठवायची, सेवा तिला कुलूप घालून अगम्य गिचमिड परत देते, ती आपण आपल्याकडे ठेवायची. वाचायची वेळ आली की गिचमिड पाठवायची, चिठ्ठी परत येते. फक्त चिठ्ठी छोटी हवी. मोठ्या मजकुराला वेगळी पद्धत लागते, "पण तुमचं काम छोटंच आहे, थेट होईल."

ऐकायला सोपं. दिवसभर "परवानगी नाही" एवढं एकच वाक्य वाचलं. संध्याकाळी कळलं की मला कुलूप लावायचा अधिकार दिलाय, उघडायचा दिलेला नाही. दोन्ही वेगवेगळे मागावे लागतात म्हणे. मग आधी सांगायला काय झालं होतं? डोकं भणभणतंय.

१७ जानेवारी, मंगळवार

सकाळी जमलं! इंग्रजीत एक लांबलचक खोटी चिठ्ठी तयार केली, बंद केली, उघडली, अक्षर न् अक्षर परत आलं. मी टेबलावर हात आपटला तर मेट्रनबाई धावत आल्या, कोणी पडलं का बघायला.

डॉक्टर म्हणाले, आता खऱ्या माणसाची खरी चिठ्ठी घालून दाखवा. खरा माणूस मिळेना. सात नंबरच्या आजोबांनी तर मला हाकलूनच दिलं. शेवटी अप्पा म्हणाले, "माझी घे."

दोन पानं भरून लिहून ठेवली होती त्यांनी. मी टाइप करते म्हटलं तर कागद छातीशी धरला. "तू वाचायचं नाहीस असं ठरलंय ना?" मग स्वतः एका बोटाने टाइप करत बसले, दीड तास, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीवरचा अग्निशमनाचा तक्ता पाठ केला. झालं एकदाचं. बटण दाबलं.

मजकूर मर्यादेपेक्षा मोठा आहे.

होईलबुवांना फोन केला. म्हणाला, मर्यादा चार हजार शहाण्णव बाइट. मी म्हटलं, सकाळची इंग्रजी चिठ्ठी अप्पांच्या चिठ्ठीहून लांब होती की! तर हसला. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजतात. म्हणजे आपल्याला जेमतेम तेराशे. हे त्याला माहीत होतं! इतके दिवस माहीत होतं आणि बोलला नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

अप्पांना सांगताना मलाच लाज वाटली. पण ते चिडले नाहीत. "कापड कमी आहे होय? मग आधी नाही का सांगायचं. कापड बघून बेतावं लागतं," म्हणाले, आणि पेन्सिल मागून घेतली.

१८ जानेवारी, बुधवार

आज अप्पांनी छळ मांडला. सकाळपासून चार वेळा निरोप. किती अक्षरं बसतात? रिकाम्या जागा मोजतात का? खोडलं तर जागा सुटते का? तिकडे हिशेबनिसांचा प्रिंटर बंद, इकडे डॉक्टर विचारताहेत झालं का, आणि हे म्हणजे जणू लग्नाचा सूट शिवताहेत.

दुपारी एकदाची नवी चिठ्ठी टाइप केली. पाहिली नाही, पण या वेळी दहा मिनिटांतच झाली. जुने दोन्ही कागद फाडून कपटे माझ्याच हातात दिले.

मजकुराखाली लेबलाची एक चौकट आहे. लेबल गुप्त नसतं, पण बंद करताना जे टाकलं तेच उघडताना टाकावं लागतं, नाहीतर सेवा उघडत नाही. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नावावर खपवता येऊ नये म्हणून हे. लेबलात काय टाकायचं ते अजून आमचं ठरलेलं नाही, चौकट रिकामीच होती. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "आणि वीज गेली तर?" माझं डोकंच फिरलं. चौकटीत "अप्पांची कटकट" असं टाकलं आणि बटण दाबलं. बंद झाली.

अप्पा चष्मा कपाळावर ढकलून पडद्याकडे बघत होते. "काय लिहिलंस ते?"

"काही नाही. लेबल आहे, तात्पुरतं."

"बरं," म्हणाले, आणि पाठ टेकून डोळे मिटले. दमले असतील.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

लेबलाचा प्रश्न मिटला. आता प्रत्येकाचा रजिस्टर नंबर आपोआप लेबलात जातो, चौकटच ठेवली नाही. हाताने काही टाइप करायला माणसाला दिलं की तो घोळ घालतोच. डॉक्टर चक्क "छान" म्हणाले.

आठवडाभर खोल्याखोल्यांतून फिरून अठ्ठावन्न चिठ्ठ्या घेतल्या. सात नंबरच्या आजोबांनीसुद्धा दिली, वर मलाच दम भरला की मी मेल्यावर वाचलीस तर याद राख.

अप्पांनी विचारलं, "माझी जुन्या पद्धतीत आहे ना? ती पण नव्यात घे." घेऊ की. पळून चाललीय का?

२१ फेब्रुवारी, मंगळवार

औषधांच्या यादीचं नवं काम गळ्यात पडलंय. त्यात वायफाय बंद. त्यात अप्पा: "माझ्या चिठ्ठीचं काय झालं?"

मी म्हटलं, "अप्पा, इथे साठ माणसं आहेत, तुम्ही एकटे नाही." जरा जोरातच म्हणाले बहुतेक, कारण सिस्टरने वळून पाहिलं. अप्पांनी डब्याचं झाकण लावून माझ्यापुढे सरकवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "एवढं काय लिहितेस गं रोज? आमच्या चुगल्या?"

"हो," म्हटलं. "तुमच्याच."

"लिही, लिही. माणसाच्या डोक्यापेक्षा वही बरी."

२० मार्च, सोमवार

अप्पांना अकरामधून चार नंबरच्या खोलीत हलवलं. ऊन येतं तिथे. धाकट्या भावाशी व्हिडिओ कॉल झाला. तो परदेशात, सगळं तिथून बघतो आणि इथलं मला सांगतो: खिडकीला जाळी लावून घे, ताई. बरं बाबा.

अप्पांनी चिठ्ठीचं विचारणं सोडलंय. सुटले एकदाची.

२४ एप्रिल, सोमवार

काल सकाळी अप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे आहेत, मला ओळखतात असं वाटतं. गिळता येत नाही. नाकातून नळी घातली ती त्यांनी दोनदा उपसून काढली.

डॉक्टरांनी आज त्यांच्या केबिनमध्ये बसवलं. एरवी मी तिथे फक्त वायर बघायला जाते. म्हणाले, अन्नासाठी पोटातून नळी बसवायची की नाही, ते ठरवायला हवं. बसवली तर काही वर्षंही निघतील, पण अंथरुणात. नाही बसवली तर फार दिवस नाहीत. शुक्रवारी सर्जन येणार आहेत, त्याआधी सांगा. अप्पांनाच विचारून पाहिलं होतं त्यांनी. नळी हवी का म्हटलं, मान होकारार्थी हलली. नको का म्हटलं, तरीही होकारार्थीच. म्हणजे त्या मानेवर आत्ता विसंबता येत नाही.

"पण त्यांची चिठ्ठी आहे ना? तुमची पहिलीच चिठ्ठी," डॉक्टर म्हणाले.

हो, आहे. जुन्या पद्धतीत आहे. नव्यात घ्यायची राहून गेली. आणि लेबल मी हाताने टाकलं होतं. काय टाकलं होतं ते मला आठवत नाही.

२५ एप्रिल, मंगळवार

अकरा. खोली अकरा. खोली क्र. ११. अप्पा. बाबा. वडील. त्यांचं पूर्ण नाव, तीन तऱ्हांनी. रजिस्टर नंबर. चाचणी. चाचणी १. पहिली चिठ्ठी. माझं नाव. धाकट्याचं नाव. आईचं नाव.

प्रत्येक वेळी तेच उत्तर, उघडता येत नाही. जवळ आलीस की लांब गेलीस, ताकास तूर लागू देत नाही.

होईलबुवा पहिल्यांदाच "होणार नाही" म्हणाला. किल्ली आहे, गिचमिड आहे, पण लेबल जसंच्या तसं हवं, एक रिकामी जागासुद्धा इकडची तिकडे झालेली चालत नाही. मग म्हणाला, थांबा, सेवेच्या नोंदवहीत प्रत्येक वेळचं लेबल उघडं लिहिलेलं असतं, ती बघू. माझ्या जिवात जीव आला. त्याने पाहिलं. नोंदी नव्वद दिवसच राहतात. जास्त ठेवायच्या तर तशी सोय आधी करावी लागते, ती आपण केली नव्हती. अठरा जानेवारीची नोंद गेल्या मंगळवारीच गेली.

एका आठवड्याने हुकलं. अप्पांनी महिनाभर विचारलं तेव्हा दहा मिनिटांचं काम होतं.

दुपारी त्यांच्या खोलीत बसून, लेबल काही आठवत नाही असं पुटपुटत लिहायला लागले तर डाव्या हाताने सारखे या वहीला धक्के मारत होते. लिहायचं असेल म्हणून कोरं पान फाडून दिलं, बोटांत पेन दिलं. पेन टाकून दिलं. परत दिलं, परत टाकलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी सिस्टर म्हणाली, त्यांना थकवू नका.

२६ एप्रिल, बुधवार

धाकटा फोनवर रडला. "ताई, सगळं करा. काही शिल्लक ठेवू नका." म्हणायला काय जातं? उद्या अप्पांची कूस तो बदलणार आहे का? असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

खरं लिहायचं तर, मला वाटतं अप्पांनी नको लिहिलं असेल. कुणाकडून पाण्याचा पेलासुद्धा मागून न घेणारा माणूस. आणि आणखी खरं लिहायचं तर, त्यांनी नको लिहिलेलं असलं तर मला कुठेतरी हायसं वाटेल. मी दमलेय. वहीत खोटं कशाला लिहू?

लेबलाचे आज दोनशे दहा प्रकार करून पाहिले. मेट्रनबाईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी काय काय झालं, आठवतंय का?" प्रिंटर बंद होता एवढंच आठवतं.

अप्पा पुन्हा वहीला धक्के मारत होते. मी वही पिशवीत घालून टाकली. तर पिशवीकडे बघत राहिले.

२७ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांना सांगून टाकलं, चिठ्ठी उघडत नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "मग तुम्हालाच ठरवावं लागेल," एवढंच म्हणाले.

मी नको म्हणणार होते. तसं वाक्यही मनात जुळवलं होतं: अप्पांच्या स्वभावाला धरून. अगदी हेच शब्द.

दुपारी त्यांना ते सांगायला गेले. ऐकू जातं की नाही कोण जाणे, पण न सांगता करणं बरं दिसेना. डबा उघडला नाही. पिशवी कॉटवर ठेवली आणि तोंड उघडणार, तोच अप्पांनी डावा हात पिशवीत घातला. चाचपलं. पाण्याची बाटली बाहेर पडली, डबा कलंडला. वही धरली, पण एका हाताने उचलेना. मी चिडून म्हणाले, "काय हवंय काय तुम्हाला या वहीत?"

आणि माझं बोलणं मलाच ऐकू आलं.

पानं उलटली. एप्रिल, मार्च, फेब्रुवारी. अठरा जानेवारी. प्रिंटर. लग्नाचा सूट. चौकट.

काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण माझ्या कळशावर काय लिहिलं होतं!

अप्पांनी ते तेव्हाच वाचलं होतं. कपाळावर चष्मा ढकलून, माझ्या शेजारी बसून. तीन दिवस हाच माणूस मला हाताने सांगत होता, आणि मी त्याला पेन देत होते.

वर माझ्या टेबलाशी गेले. "अप्पांची कटकट" टाइप केलं, मधे एक जागा सोडून. बटण दाबलं. लगेच उघडली. ती अशी:

"बोलता येईना, गिळता येईना असं झालं, तर जे जे करता येईल ते करा. नळ्या लागल्या तर घाला. माझा सगळ्यांना ताप होतो ते मला कळतं, तरी मला अजून राहायचं आहे. मुलीला वाटेल अप्पा दमले असतील, सुटायचं म्हणत असतील. मी दमलेलो नाही. दुपारी ती जेवायला येते, तेवढं मला पुरतं."

बस, एवढंच. तेराशे अक्षरांची जागा होती, यात चारशेही नाहीत. बाकीची दोन पानं त्यांनी कापून टाकली, आणि कपटे मी त्याच दिवशी कचऱ्यात घातले.

हिशेबनीस प्रिंटरचं काहीतरी विचारायला आले होते. मला बघून तसेच मागे फिरले.

२८ एप्रिल, शुक्रवार

नळी बसवली. पाऊण तास लागला, ठीक झालं. धाकट्याने विचारलं, लेबल शेवटी काय निघालं? मी म्हटलं, खोली नंबरच होता, लिहिण्यात चूक झाली होती. त्याला खोटं सांगितलं. इथे लिहिलंय तेवढं पुरे.

२ मे, मंगळवार

अप्पांचा रंग सुधारलाय. डावा हात घट्ट धरतात. सिस्टर म्हणते, कालपासून हो-नाही नीट कळतंय असं वाटतं.

चिठ्ठी नव्या पद्धतीत घ्यायची आहे, नियमाप्रमाणे रजिस्टर नंबर टाकून. आज मुद्दाम वेळ काढून लॅपटॉप खालीच आणला. त्यांच्या कॉटवर बसले. अठरा जानेवारीचं पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, लेबलासकट, एकही शब्द न गाळता. मग सव्वीस एप्रिलचंही वाचलं. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले, पण माझा हात सोडला नाही.

मग विचारलं, "अप्पा, लेबल बदलू का?"

मान हलली. नाही.

डॉक्टरांनी केलं होतं तसं मी उलटं करून विचारलं. "मग आहे तेच ठेवू?"

हो.

दोन्ही उत्तरं जुळली. झटक्यानंतर पहिल्यांदाच जुळली. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. अर्धं तोंड हसत होतं.

रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे लेबलाचा रकाना आहे, इतर अठ्ठावन्न जणांचा तिथे नंबर आहे. अप्पांच्या ओळीत मी शाईने लिहिलं: अप्पांची कटकट. मेट्रनबाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली सही केली.